सुपाच्या आकाराचं ब्लँकेट: क्रोशाची साबुदाणा वीण शिकतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी आम्ही आठ-नऊ जणी विणायला जमतो. शिकवते मी, म्हणजे जिचं जिथे अडेल तिथे सोडवून देते. फी नाही, चहा आळीपाळीने. या प्रकरणातल्या काकू आमच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या, चौसष्टच्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून एक-दोन घरगुती तपशील बदलले आहेत. टाक्यांचे आणि ओळींचे आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

काकूंचा क्रोशा जुना. आठवीत असताना मिरजेच्या आत्याकडून शिकलेल्या. तोरणं, ताटावरचे रुमाल, फोनवर आणि टीव्हीवर घालायचे गोल रुमाल, सगळं पांढऱ्या सुती दोऱ्याचं आणि सव्वा मि.मी.च्या पोलादी सुईवरचं. हात असा चालतो की बोलताना त्या खाली बघतसुद्धा नाहीत. दुसरीच्या कामातली चूक तीन हातांवरून दाखवतात. हे सांगायचं कारण असं की पुढे जे झालं ते नवशिक्या बाईच्या हातून बहुधा झालंच नसतं.

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तारीख २५ डिसेंबरच्या आसपासची. ऑक्टोबरच्या मध्यावर तिने आईला एका ब्लँकेटचा फोटो पाठवला: भरीव, बारीक दाणेदार, कुठेही जाळी नाही. जाळीत बाळाची बोटं अडकतात, हे तिचं म्हणणं रास्तच होतं. पण काकूंनी जन्मभर विणली ती जाळीच.

फोटोतल्या विणीला इंग्रजीत ‘लेमन पील’ म्हणतात. आम्ही गटात साबुदाणा म्हणतो. वीण सोपी आहे, टाके दोनच प्रकारचे. एक मुका खांब, एक खांब, पुन्हा मुका, पुन्हा खांब. पुढच्या ओळीत मुक्याच्या डोक्यावर खांब आणि खांबाच्या डोक्यावर मुका. खांब उंच, मुका ठेंगणा. दोन ठेंगण्यांच्या मध्ये सापडलेल्या उंच टाक्याला ताठ उभं राहता येत नाही, तो मधून फुगून बाहेर येतो. तोच साबुदाणा. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून ब्लँकेटला उत्तम.

टाके सम संख्येत घ्यायचे. मग प्रत्येक ओळ मुक्याने सुरू होते आणि खांबाने संपते. ओळ संपली की एक साखळी घालून काम पालटायचं आणि अगदी पहिल्याच टाक्यात सुई घालायची. ती साखळी नुसती उंची गाठायला असते, तिला टाक्यात धरायचं नाही. अख्ख्या प्रकरणाची मेख या शेवटच्या वाक्यात आहे, आणि ते मी काकूंना सांगितलं होतं. सांगितलं होतं एवढंच.

(आम्ही मराठी शब्द वापरतो ते हट्टाने नाही. ब्रिटिश पुस्तकातलं ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन ‘सिंगल’, आणि अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. आमच्यातल्या एकीने ब्रिटिश कागदावरचा स्कार्फ अमेरिकन व्हिडिओ बघून विणला, तर त्याचं मासे धरायचं जाळं झालं. मुका खांब म्हटलं की तो कुठेही मुकाच.)

अडचण

नवीन वीण शिकणारीला मी आधी वीस टाक्यांचा नमुना करायला लावते. काकूंना लावला नाही. चाळीस-पन्नास वर्षं क्रोशा करणाऱ्या बाईला नमुना काय करायला लावायचा, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर संकोच वाटला. साडेचार मि.मी.ची सुई, मऊ ॲक्रिलिक लोकर, १२० टाके. पहिली ओळ त्यांनी माझ्यासमोर घातली, अगदी देखणी. मी पुढच्या बाईकडे वळले.

सहा दिवसांनी फोन आला. “अगं, वीस ओळी झाल्या. पण दाणा एका ओळीत उठतोय, दुसरीत बसतोय. हात घट्ट होतोय का माझा?”

काम न बघता मी उत्तर दिलं, “होत असेल काकू. एवढ्या जाड लोकरीची तुम्हाला सवय नाही. पाचची सुई घेऊन बघा.”

मग दिवाळी आली. फराळ, पाहुणे, दोन गुरुवार गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकू ब्लँकेट घेऊन आल्या तेव्हा ३४ ओळी झाल्या होत्या. मांडीवर गोळा झालेलं काम गोजिरवाणं दिसत होतं. मी ते हॉलमधल्या कॅरम बोर्डवर पसरलं आणि त्याची खालची कड बोर्डाच्या कडेला लावली. दोन्ही बाजू वर जाताना आत आत येत होत्या. मध्ये एका ठिकाणी कापड पुन्हा जरासं रुंद झालं होतं, आणि तिथून परत निमुळतं. खाली ८५ सेंटिमीटर, वर ६७.

काही वेळ कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, “अगं बाई, हे तर सूप झालं!”

सगळ्या हसल्या, काकूही हसल्या. पण चहा झाल्यावर त्यांनी ब्लँकेट पिशवीत घालून टाकलं आणि उरलेला वेळ दुसरीच्या लोकरीचा गुंडा करून देत बसल्या.

मी ते संध्याकाळी मागून घेतलं आणि ओळीओळीने टाके मोजले. पहिल्या ओळीत १२०, दुसरीत ११९, तिसरीत ११८, चौतिसावीत ८७. दर ओळीला एक टाका गळत होता, घड्याळ लावल्यासारखा. एवढी नियमित चूक निष्काळजीपणाने होत नाही, तिच्यामागे सवय असते. गोल रुमालाच्या प्रत्येक फेरीची सुरुवात तीन साखळ्यांनी होते, त्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरतात, आणि सुई जाते ती पुढच्या टाक्यात. काकूंचा हात इथेही तेच करत होता: एक साखळी घातली, तिला टाका मानलं, पहिला टाका सोडला. गोलात फेरी संपताना त्या साखळ्यांनाच जोडतात, त्यामुळे हिशेब पुरा होतो. इथे ओळीच्या टोकाला ती एकुलती साखळी दिसतच नाही, म्हणून तिच्यात कुणी टाका घालत नाही. हिशेब दर ओळीला एकाने तुटतो.

दाण्याचं कोडंही यातच सुटलं. पहिला टाका सोडून ‘मुका, खांब, मुका, खांब’ असं पाठ म्हणत गेलं की दुसऱ्या ओळीत मुक्यावर मुका आणि खांबावर खांब येतो, दाणा बसतो. त्या ओळीत टाके विषम झाले की तिसऱ्या ओळीत तीच चूक नेमकी बरोबर पडते, दाणा उठतो. चौथीत परत बसतो. काकूंनी फोनवर सांगितलेलं अक्षरशः खरं होतं. माझं निदान चुकलं होतं.

आणि सुई बदलायचा सल्ला नुसता निरुपयोगी नव्हता, त्याने नुकसान केलं. साडेचारच्या सुईवर दहा सेंटिमीटरमध्ये १४ टाके येत होते, पाचवर १३. विसाव्या ओळीत १०१ टाक्यांचे ७२ सेंटिमीटर झाले होते. एकविसावीत १०० टाकेच, पण पाचच्या सुईमुळे ७७. कापड रुंद झालं, काकूंना वाटलं आता जमलं, आणि पुढच्या चौदा ओळी त्यांनी निर्धास्तपणे घातल्या.

कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. हातात सात आठवडे होते.

एक म्हणजे आहे तिथून पुढे दर ओळीला एक टाका वाढवत जायचं. हे मी मोठ्याने बोलून दाखवलं आणि बोलतानाच कळलं की त्याचा डमरू होईल.

दुसरा पर्याय काकूंचा होता. दोन्ही बाजूंना तिकोनी पट्ट्या विणून जोडायच्या आणि चौकोन करून घ्यायचा. शिवणकामात कळी घालतात तशी. युक्ती वाईट नव्हती, त्यांचा हात इतका सफाईदार आहे की जोड दिसलाही नसता. पण मधला पोत एक ओळ उठलेला, एक बसलेला, तसाच राहणार होता. शिवाय पट्ट्या विणायलाही तीच वीण यायला हवी, म्हणजे मूळ अडचण जागच्या जागी.

तिसरा, वीण बदलायची. एक मुका, एक साखळी अशी मॉस वीण घेतली की सुई आधीच्या ओळीतल्या साखळीच्या फटीत जाते. फट डोळ्यांना दिसते, चुकायला वाव कमी. शिकवणारी म्हणून माझा कल इकडे होता. काकूंनी फोन पुढे केला आणि मुलीने पाठवलेला फोटो दाखवला. “तिने हे मागितलंय,” एवढंच म्हणाल्या. मी गप्प बसले.

राहिलं ते सगळं उसवणं. ३४ ओळी, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास लोकर, तीन आठवड्यांचं काम. काकू म्हणाल्या, “उसवायचं मला काही वाटत नाही. पण परत तेच होणार नाही कशावरून?”

हा प्रश्न बरोबर होता. म्हणून आम्ही ठरवलं की आधी वीण हातात बसवायची, उसवायचं नंतर. सूप आठवडाभर कपाटात राहू दे.

काय केलं

वीस टाक्यांचा नमुना, जो पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. जाड लोकर, फिकट पिवळा रंग, कारण गडद रंगात टाका ओळखू येत नाही. एकवीस साखळ्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका.

माझा पहिला उपाय नेहमीचाच होता: दर ओळीला टाके मोजा. काकूंनी मोजले. चार ओळींनंतर मोजदाद वीसच्या वीस आणि कापडाच्या मधोमध दाण्यांची रांग मोडलेली. कारण बघायला मला शेजारी बसून त्यांची एक पूर्ण ओळ बघावी लागली. साखळी धरून मोजताना एकोणीसच भरले की त्या पुढच्या ओळीत मध्येच एका टाक्यात दोन घालून वीस करत होत्या. आकडा जुळायचा, पण तिथून पुढे उंच-ठेंगण्याची पाळी चुकायची. हिशेब जुळवायची ही सवय बँकेतल्या नोकरीची, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मोजणं बंद केलं.

दुसरा उपाय खुणेचा. ओळीतला पहिला मुका घातला की लगेच त्याच्या डोक्यात सेफ्टी पिन अडकवायची. पालटून परत येताना शेवटचा खांब त्या पिनेच्या टाक्यातच गेला पाहिजे. याने काठ सरळ झाले, त्याच दुपारी. मधली गडबड मात्र राहिली: फोन आला, कुकरची शिट्टी झाली की ‘आता मुका की खांब?’ हे विसरायला व्हायचं, आणि काकू अंदाजाने पुढे जायच्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या विणीकडे बघतच नाहीयेत, नुसती पाठ म्हणताहेत. गोल रुमाल नेहमी एकाच बाजूने विणला जातो, काम पालटत नाही. टाक्याची मागची बाजू त्यांनी इतक्या वर्षांत सुई घालण्यासाठी कधी निरखलीच नव्हती. मी नमुना पालटून त्यांच्या चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, “काकू, यातला मुका कुठला आणि खांब कुठला?”

त्यांनी पाच टाके सांगितले. दोन चुकले.

त्यानंतरचा अर्धा तास आम्ही एकही टाका घातला नाही. नुसतं बघितलं. मुका टाका आखूड, घट्ट, त्याच्या डोक्यावरची साखळी लगेच खालच्या ओळीला टेकलेली. खांबाला मान असते. मागून बघितलं तर त्या मानेवर दोऱ्याचा आडवा वेढा दिसतो. डोकं धडाच्या बरोबर वर नसतं, किंचित कडेला सरकलेलं असतं, त्यामुळे धडाकडे बघून सुई घातली तर ती शेजारच्या डोक्यात जाऊ शकते. आधी डोकं शोधायचं, त्याच्याखाली मान आहे का बघायचं, आणि मगच ठरवायचं.

काकूंनी नखाने एकेक डोकं चाचपत अख्खी ओळ वाचली, मोठ्याने: “लंबू, बुटका, लंबू, बुटका...” टोकाला पोचल्यावर म्हणाल्या, “म्हणजे पाठ काही करायचंच नाही. बुटक्यावर लंबू आणि लंबूवर बुटका.”

मी इतकी वर्षं ही वीण ‘मुका, खांब, मुका, खांब’ अशी शिकवत होते. काकूंचं वाक्य जास्त चांगलं आहे. कुणी मध्येच दार वाजवलं तरी परत येऊन खालचा टाका बघितला की पुढचा कळतो.

तिसरा नमुना किरकोळ चुकला, चौथा स्वच्छ. मग सूप काढलं. दोघींनी मिळून उसवलं, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिच्या लड्या केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. ती कोमट पाण्यात बुडवून, निथळून, हलकं वजन लावून काठीवर वाळत टाकली. इस्त्रीची वाफ द्यायचा मोह टाळला: ॲक्रिलिकला जास्त उष्णता लागली की ती लुळी पडते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

नवी सुरुवात १२ नोव्हेंबरला केली. पाचचीच सुई, १०४ टाके, रुंदी ८० सेंटिमीटर. लांबी ९० धरली होती, म्हणजे ९९ ओळी. रोज दोन-तीन ओळी.

काय निष्पन्न झालं

बाळ नऊ दिवस आधी आलं. तेव्हा ७४ ओळी झाल्या होत्या, लांबी जेमतेम ६७ सेंटिमीटर. काकूंनी दवाखान्यातून फोन करून विचारलं की आता काय. मी म्हटलं, थांबवा तिथेच, सगळीकडून मुक्या खांबांच्या तीन फेऱ्यांची किनार घाला. बारशापर्यंत ती झाली. ब्लँकेट ठरल्यापेक्षा आखूड आहे, पण चौकोनी आहे. काठ मी टेप लावून बघितले. वर आणि खाली अर्ध्या सेंटिमीटरचा फरक.

एक चूक त्यात आहे. एक्केचाळिसाव्या ओळीत सहा टाके उलटे पडले, मुक्यावर मुका. काकूंना ते दुसऱ्या दिवशी दिसलं. त्या ‘बुटक्यावर लंबू’च्या नियमाचा तोटाही तिथे कळला: खालीच चूक असेल तर नियम ती इमानाने वर चढवत नेतो. काकूंनी उसवलं नाही, बेचाळिसाव्या ओळीत त्या सहा टाक्यांपुरता नियम मोडून रांग पुन्हा जुळवून घेतली. ती जागा त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. मुलीला अजून सापडलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नमुना करायला हवा होता, हे उघडच आहे. त्याहून मला बोचतो तो फोनवरचा सल्ला. “एका ओळीत उठतोय, दुसरीत बसतोय,” हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर हात घट्ट असण्याचा प्रश्न नाही हे तिथेच कळलं असतं. हात घट्ट असता तर दाणा सगळीकडेच दबला असता. आलटून पालटून दबतो तेव्हा टाक्यांची पाळी चुकलेली असते. एक फोटो मागवला असता तरी पुरे होतं. आता फोनवर कुणी काही विचारलं तर मी आधी फोटो मागते, तोही मांडीवरचा नाही, जमिनीवर पसरलेला.

कॅरम बोर्डवर सगळ्यांसमोर पसरण्याबद्दल माझं अजून ठरलेलं नाही. काकूंना बाजूला घेऊन दाखवता आलं असतं. पण काठ निमुळते होताहेत हे तोवर मलाही माहीत नव्हतं. पुढे मात्र दर दहा ओळींनी काम सपाट पसरून चार पावलं मागे जाऊन बघायचं, हे गटात सगळ्यांनाच लावून दिलं, म्हणजे कुणा एकीवर बोट नको.

जुन्या हाताला नवीन वीण शिकवताना मी आता पहिला प्रश्न विचारते तो ‘तुम्ही आजवर काय विणलंत?’ हा. जाळीवाल्यांना पालटायची साखळी नडते. दोन सुयांवर स्वेटर विणलेल्यांना ती नडत नाही, त्यांचं भलतंच काहीतरी नडतं: त्या टाक्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई घालायच्या ऐवजी एकाच दोऱ्यातून घालतात आणि कापडाला आडव्या रेघा पडतात.

त्यानंतर

जानेवारीत काकूंनी उरलेल्या लोकरीचं टोपडं घेतलं, त्याच विणीत, पण गोल. मला विचारलं नाही. एके दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि खाली निरोप: “गोलात काम पालटत नाही, त्यामुळे फेरी मुक्याने सुरू केली की मुक्यावर मुका येतो. तू तर सांगितलं होतंस ओळ नेहमी मुक्याने सुरू करायची. मी एक फेरी मुक्याने, एक खांबाने सुरू करतेय. बरोबर आहे ना?”

मी फोटो मोठा करून बघितला. साठ टाके, एकही दाणा बसलेला नव्हता.